अर्धवट गोठवून मीठ वेगळं करणे : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

खाऱ्या पाण्याचा बर्फ गोडा असतो, असं शाळेपासून ऐकत आलोय. कधी चाखून पाहिला नव्हता. आज पाहिला. खारट आहे. म्हणजे एक तर शाळा चुकली, नाहीतर माझी पद्धत. पद्धतच चुकली असणार, कारण पद्धत अशी काही नव्हतीच. डब्यात मीठपाणी ओतलं, फ्रीझरमध्ये ठेवलं आणि झोपलो.

मोजमाप मात्र नीट ठेवलंय. ९६५ ग्रॅम पाणी आणि ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे १००० ग्रॅम द्रावण, ३.५ टक्क्यांचं, साधारण समुद्राइतकं खारं. फ्रीझर उणे १८ अंशांवर. सकाळी डबा उलटा धरला तर ४० ग्रॅम पाणी ठिबकलं. बाकी ९६० ग्रॅमचा दुधी पांढरा गोळा, सुरी लावली की भुसभुशीत. ठिबकलेलं पाणी तब्बल १९ टक्के खारं निघालं. त्यातून ७.६ ग्रॅम मीठ गेलं, उरलेलं २७.४ ग्रॅम गोळ्यातच. गोळ्याचा खारटपणा २.८५ टक्के. रात्रभर फ्रीझर चालवून ३.५ चं २.८५ झालं, यात मिरवण्यासारखं काही नाही.

लक्ष्य ठरवून टाकतो, नाहीतर हे असंच रेंगाळेल. एक लिटरभर मीठपाण्यातून निम्मा, म्हणजे ५०० ग्रॅम बर्फ, आणि त्यात मीठ अर्ध्या टक्क्याच्या आत. साधनं घरातलीच.

५ जानेवारी

आज फक्त कागद-पेन्सिल.

मीठ आणि पाणी यांचा युटेक्टिक बिंदू, म्हणजे मीठपाणी द्रवरूपात टिकू शकतं असं सर्वांत खालचं तापमान, उणे २१.१ अंशांवर आहे. तिथे द्रावणात २३.३ टक्के मीठ असतं आणि त्याखाली गेलं तरच सगळं घट्ट होतं. माझा फ्रीझर तिथवर पोचतच नाही. उणे १८ अंशांना बर्फाच्या शेजारी जे पाणी द्रवरूपात टिकून राहतं ते सुमारे २१ टक्के खारं असतं. ३५ ग्रॅम मीठ सामावायला असं पाणी साधारण १६५ ग्रॅम लागतं. त्यातलं ४० ठिबकलं. म्हणजे काल जो गोळा मी ‘गोठलेला’ समजत होतो त्यात सव्वाशे ग्रॅम पाणी तसंच होतं, फक्त दिसत नव्हतं.

तेव्हा शाळा बरोबर होती. बर्फ गोडाच होता. जिभेला लागलं ते त्याच्या छिद्रांत दडून बसलेलं जहाल मीठपाणी.

इथे सगळा प्रश्नच फिरतो. वेगळं करण्याचं काम गोठण्याने कालच करून ठेवलं होतं, मीठ आणि बर्फ एकमेकांपासून सुटलेले होते. फक्त दोघं एकाच खोलीत राहत होते. आता त्यांना बाहेर कसं काढायचं तेवढं पाहायचं.

बर्फ मिठाला आत का घेत नाही? बर्फाच्या स्फटिकात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांचे हात धरून बसलेला असतो. त्या षटकोनी जाळीत सोडियम किंवा क्लोराइडला बसायला जागा नाही, आणि बळेच बसवलं तर जाळी विस्कटते. अपवाद फार थोडे. अमोनियम फ्लोराइड हा त्यातला प्रसिद्ध, कारण त्याचे आयन आकाराने आणि बंधांनी पाण्याच्या रेणूंची बऱ्यापैकी नक्कल करतात. साखर, मीठ, आम्लं, रंग, विरघळलेली हवा, सगळ्यांना दार बंद. बर्फाच्या मध्यभागी दिसणारा पांढरा ढग हा बाहेर हाकललेल्या हवेचाच.

८ जानेवारी

मीटरची तयारी. माझा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, ९९९० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ९९९० भाग) वाचतो, म्हणजे एक टक्क्याच्या आतच त्याचं जग संपतं. म्हणून प्रत्येक नमुन्यातले ५ ग्रॅम घ्यायचे, त्यात ९५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि आलेल्या आकड्याला २० ने गुणायचं.

मीटर प्रत्यक्षात वाहकता मोजतो आणि पीपीएम हा त्याचा अंदाज. कुठला गुणक वापरलाय ते डबीवर लिहिलेलं नाही. म्हणून स्वतःच ०.०५, ०.१, ०.१५ आणि ०.२ टक्क्यांची पाणी तयार करून तक्ता काढला. कंटाळवाणं काम, पण याशिवाय पुढचे सगळे आकडे म्हणजे हवेतल्या गप्पा. ४ तारखेचे नमुने जपून ठेवले होते, तेही याच तक्त्यावर पुन्हा मोजून वरचे आकडे दुरुस्त केलेत.

९ जानेवारी

दुसरा प्रयोग: अर्धं गोठलं की थांबायचं.

तेच द्रावण, तोच डबा, आधी फ्रिजमध्ये गार केलेलं. दर तासाला उघडून पाहिलं. बर्फ चारी भिंतींवरून आत सरकत येतो आणि मधे पाण्याचं तळं उरतं. साडेसहा तासांनी वरची साय फोडून पाणी ओतून घेतलं.

पाणी ४८० ग्रॅम, ५.१ टक्के, त्यात साडेचोवीस ग्रॅम मीठ. बर्फ ५२० ग्रॅम, त्यात साडेदहा ग्रॅम, म्हणजे २ टक्के.

ओतलेल्या पाण्याचं तापमान उणे ३.१ आलं. पाच टक्क्यांच्या मीठपाण्याचा गोठणबिंदू तेवढाच असतो, म्हणजे मीटर आणि थर्मामीटर एकमेकांना दुजोरा देतात. यापुढे थर्मामीटर हाच झटपट मीटर. पाणी बर्फाच्या सोबत असेल तर त्याचं तापमानच त्याचा खारटपणा सांगतं.

११ जानेवारी

२ टक्के का? बर्फ गोडा, पाणी ओतून टाकलं, मग साडेदहा ग्रॅम मीठ राहिलं कुठे?

बर्फाचा तुकडा उजेडासमोर धरून भिंगातून पाहिला. सपाट काच नाहीच ती. पानांची थप्पी उभी करावी तशा पातळ पात्या, आणि पात्यांच्या मधे पाणी.

कारण समजायला वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. बर्फ पुढे सरकतो तेव्हा तो मिठाला समोर ढकलतो. ते मीठ लगेच दूर पसरलं तर बरं, पण पाण्यात उष्णता जितक्या वेगाने पसरते त्याच्या शंभर पटींहूनही सावकाश मीठ पसरतं. मग बर्फाच्या अगदी तोंडाशी गाढ्या पाण्याचा एक पातळ पदर साचतो. त्या पदराचा गोठणबिंदू खाली गेलेला असतो, म्हणून बर्फाची चाल तिथे मंदावते. पण पदराच्या पलीकडचं पाणी कमी खारं आहे आणि थंडी मात्र त्याच्यापर्यंत पोचलेली आहे. म्हणजे ते स्वतःच्या गोठणबिंदूच्याही खाली जाऊन नुसतं वाट पाहत बसलंय. अशा वेळी बर्फाच्या सपाट तोंडावर कुठेही एखादा उंचवटा आला, तर तो पदर भेदून थेट त्या तयार पाण्यात शिरतो आणि भराभर वाढतो. शेजारी दुसरा, तिसरा. बघता बघता सपाट तोंडाची कंगव्यासारखी दातेरी कड होते आणि दातांच्या फटींत मीठपाणी अडकतं.

हे धातूंमध्येही होतं. मिश्रधातू ओतताना पडणाऱ्या अशाच दात्यांचं कोडं टिलर, जॅक्सन, रटर आणि चामर्स यांनी १९५३ मध्ये याच कारणाने उलगडलं. मलिन्स आणि सेकेरका यांनी १९६४ मध्ये त्याचं नीट गणित मांडलं, की उंचवटा किती रुंद असेल तर वाढतो आणि किती असेल तर विरतो.

माझ्यापुरता अर्थ दोन ओळींचा. हळू गोठवा. आणि बर्फाच्या तोंडाशी साचलेलं मीठ कसंही करून हलवत राहा.

१४ जानेवारी

हळू गोठवण्याचा प्रयोग, दोन दिवसांचा.

थर्मोकोलच्या जाड पेटीत डबा बसवला, वरचं तोंड उघडं. आता थंडी फक्त वरून शिरणार. फ्रीझरची चावी सर्वांत कमी थंडीवर, उणे १२ अंश. वरून गोठवण्यात एक फुकटचा फायदा आहे. हाकललेलं गाढं पाणी जड असतं, ते आपणहून तळाला जातं आणि त्याच्या जागी वर कमी खारं पाणी येतं. ढवळायला कुणी लागत नाही. खालून गोठवलं असतं तर हेच गाढं पाणी बर्फावर बसकण मारून राहिलं असतं.

२२ तासांनी ३०० ग्रॅम बर्फ. मीठ १.१ टक्का, ३.३ ग्रॅम. खाली ७०० ग्रॅम पाणी साडेचार टक्क्यांचं. बर्फाचा वरचा भाग धूसर काचेसारखा, पण खालची बाजू सुऱ्यांच्या पात्यांसारखीच. समुद्रावर धरणाऱ्या बर्फाची खालची बाजू अशीच असते आणि तोही याच कारणाने सुरुवातीला खारा असतो. पुढे महिनोन्‌महिने त्यातलं मीठपाणी बारीक नळ्यांमधून निथळत राहतं आणि जुना बर्फ गोडा होत जातो.

एक गंमत. योसेफ स्टेफानने १८९१ मध्ये ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असं दाखवलं होतं. जाड झालेला बर्फ स्वतःच पांघरूण होतो म्हणून. तोच नियम दिसेल अशा अपेक्षेने मी दर दोन तासांनी काडी घालून जाडी मोजली. नाही दिसला. पहिला सेंटिमीटर जेवढ्या वेळात धरला, साधारण आठ-नऊ तास, दुसऱ्यालाही जवळपास तेवढाच लागला. चूक शोधण्यात संध्याकाळ गेली. मग लक्षात आलं की फ्रीझरमधली संथ हवा हाच इथला मोठा अडसर. दोन सेंटिमीटर बर्फातून उष्णता जाणं त्यामानाने दहापट सोपं आहे. बर्फाचं पांघरूण जाणवायला तो हवेच्या पांघरुणापेक्षा जाड तर हवा! स्टेफानचं बरोबर, माझा डबा त्याच्यासाठी फार लहान.

१८ जानेवारी

आज फजिती.

ढवळत गोठवायचं ठरवलं. स्टीलचं पातेलं, बॅटरीवर फिरणारी छोटी मोटर, प्लास्टिकचं पातं. पाणी शून्याच्या खाली गेलं, उणे दोन, उणे तीन, उणे चार. बर्फाचा पत्ता नाही. उणे पाचला मी थर्मामीटर नीट बसवायला गेलो, काचेचा टोला भांड्याला लागला आणि डोळ्यांदेखत सगळं पातेलं पांढरं झालं. सगळीकडे एकदम बारीक सुया. तापमान उसळी मारून उणे २.२ वर.

अतिशीतित पाण्याला नुसतं निमित्त लागतं. तीन अंशांच्या या उधारीतून एक किलोत ३५ ग्रॅमच्या आसपासच बर्फ धरतो, पण तो इतका बारीक असतो की सगळं पाणी धरून ठेवतो. गाळणीवर ओतलं तर थेंब गळेना. ओला कापूस पिळायचा तसा प्रकार. त्या गडबडीत मोटरही ओढेना. थंडीत बॅटरीचा दम जातो हे नव्याने कळलं.

२० जानेवारी

तेच, पण बी पेरून.

पाणी उणे २.२ ला आलं की चिमूटभर कुटलेला साध्या पाण्याचा बर्फ टाकला. त्या कणांवरच नवा बर्फ धरत गेला, सुया नाहीत. दर अर्ध्या तासाने लाकडी उलथन्याने भिंतीवरचा बर्फ खरवडून आत ढकलला. सहा तासांनी पाणी उणे ३ वर.

मग लगदा लगेच न गाळता थर्मासमध्ये भरून रात्रभर ठेवला. या पायरीबद्दल मला शंका होती, पण तीच सर्वांत कामाची ठरली. बारीक कण मोठ्या कणांपेक्षा किंचित कमी तापमानाला वितळतात. त्यामुळे एकाच पाण्यात दोघं असले की बारीक विरघळतात आणि त्यांचं पाणी मोठ्यांवर जाऊन धरतं. एकूण बर्फ तेवढाच, पण सकाळी दाणे खडीसाखरेच्या चुऱ्याएवढे झाले होते. मोठे दाणे म्हणजे मधल्या वाटा रुंद, म्हणजे निचरा चांगला.

गाळल्यावर पाणी ५८० ग्रॅम, ४.९ टक्के. गाळणीवर ४२० ग्रॅम, १.६ टक्के. हिशोब केला तर त्या ४२० मध्ये खरा बर्फ २८६ ग्रॅमच येतो, बाकी १३४ ग्रॅम दाण्यांना चिकटलेलं पाणी. एवढं सगळं करून शेवटी अडचण तीच, ओलावा.

म्हणून धुतला. शून्य अंशाचं ६० ग्रॅम शुद्ध पाणी फवाऱ्याच्या बाटलीने वरून सगळीकडे सारखं शिंपडलं. धुण्याने बर्फ वितळून जाईल अशी भीती होती, पण बर्फाचे दाणे उणे तीनवर होते आणि पाणी शून्यावर. त्यामुळे शिंपडलेल्यातलं थोडं उलट त्यांच्यावरच गोठलं. खाली १५० ग्रॅम निथळलं, ३.९ टक्क्यांचं. वर ३३० ग्रॅम उरला, ०.२८ टक्के.

अर्ध्या टक्क्याच्या आत! पण प्रामाणिकपणे, ३३० मधले ६० मी बाहेरून आणलेले, म्हणजे कमाई २७० ग्रॅम. निम्म्याचं लक्ष्य अजून लांब आहे. निथळलेलं ३.९ टक्क्यांचं पाणी मूळ द्रावणाच्या इतकं जवळचं आहे की ते फेकायचं नाही, पुढच्या खेपेत मिसळायचं. कारखान्यांतही असंच करतात. उभ्या नळकांड्यात बर्फाचा लगदा एका दिशेने सरकतो आणि त्याच्याच वितळलेल्या पाण्याची धार उलट्या दिशेने येऊन तो धुते.

२३ जानेवारी

प्रयोग बंद. घरच्यांनी फ्रीझर परत मागितला, तोही रास्त शब्दांत. वाचन केलं.

या विषयावरच्या लेखनात कॅप्टन कुकचा दाखला हमखास भेटतो. जानेवारी १७७३ मध्ये, दक्षिण ध्रुवाकडे जाताना, ‘रिझोल्यूशन’च्या खलाशांनी समुद्रातला बर्फ जहाजावर ओढून घेतला, वितळवला आणि गोडं पाणी भरून घेतलं. खरं आहे. पण ते हिमनगांचे तुकडे, म्हणजे जमिनीवर पडलेल्या हिमाचा दाबून झालेला बर्फ. तो कधी खारा नव्हताच. समुद्राचं पाणी गोठून गोडं झाल्याचा पुरावा म्हणून तो सांगू नये. मी स्वतः दोन मित्रांना सांगून बसलोय, आता फोन करून मागे घ्यायला हवं.

ऊर्जेचा हिशोब मोह पाडणारा आहे. एक किलो पाणी गोठवताना ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि उकळून वाफ करायला २२५७ किलोज्यूल द्यावी लागते. जवळजवळ सातास एक. याच आकड्याने १९६० च्या दशकात अनेकांना झपाटलं. अलेक्झांडर झार्चिन यांच्या पद्धतीवर इस्रायलमधल्या इलातमध्ये संयंत्रही उभं राहिलं. त्यात समुद्राचं पाणी निर्वात टाकीत सोडायचं, थोडं पाणी उडून जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं आणि ते तिथेच गोठतं. पत्रा नाही, नळी नाही, थेट बर्फ. तरी आज समुद्राचं पाणी गोडं करण्याचं बहुतेक काम पडद्यांतून दाबाने गाळून होतं. तिथे अवस्थाच बदलावी लागत नाही, त्यामुळे सातास एकचा फायदा त्यांच्यापुढे फिका पडतो. शिवाय बर्फ धुण्याची कटकट काय असते हे मला आता वेगळं सांगायला नको.

गोठवणं टिकून आहे ते जिथे उष्णता चालत नाही तिथे. फळांचे रस, कॉफीचा अर्क, प्रथिनांची द्रावणं. उकळलं तर वास आणि गुण जातात, गोठवलं तर राहतात.

२६ जानेवारी

आजचा निकाल मला थोडा टोचतो.

४ तारखेसारखाच रात्रभर बेफिकीरपणे गोठवलेला गोळा घेतला, ९६० ग्रॅम, २७.४ ग्रॅम मिठाचा. या वेळी तो नरसाळ्यात ठेवून खोलीतच हळूहळू ठिबकू दिला. खाली भांडी बदलत गेलो.

पहिले १०० ग्रॅम १२ टक्के. पुढचे १०० सहा टक्के. मग १०० ग्रॅम ३.६ टक्के. मग १६० ग्रॅम १.७ टक्के. या घडीला वर ५०० ग्रॅम उरला होता, ०.६२ टक्के. अजून १०० गळू दिले, १.२ टक्क्यांचे, आणि ४०० ग्रॅम उरला, ०.४८ टक्के.

मोटर नाही, बी नाही, उलथनं नाही, फवारा नाही. आणि धुतलेल्या २७० ग्रॅमच्या जागी ४०० ग्रॅम. शुद्धता जरा कमी, पण लक्ष्याच्या आत.

चालतं ते असं. फटींतलं मीठपाणी फार कमी तापमानालाही वाहतंच, म्हणून गोळा तापू लागला की आधी तेच निघतं. पहिल्या थेंबांचं तापमान उणे सात होतं, बाहेर पंचवीस असताना. मग वरचा शुद्ध बर्फ वितळतो आणि त्याचं गोडं पाणी त्याच फटींतून खाली उतरताना आतलं उरलंसुरलं मीठ धुऊन नेतं. म्हणजे २० तारखेला मी फवाऱ्याने जे केलं ते गोळा स्वतःच स्वतःला करतो, आणि पाणीही स्वतःचंच वापरतो. गोठताना केलेली घाई वितळताना भरून निघते, फक्त वितळताना घाई चालत नाही. एक गोळा मुद्दाम उन्हात ठेवला होता. तो बाहेरून भराभर वितळला आणि आतलं मीठपाणी तसंच कोंडून राहिलं, निम्मा वितळून गेल्यावरही दीड टक्का.

वरचे आकडे दुसऱ्या मोजणीचे आहेत. पहिल्या मोजणीत सगळ्या भांड्यांतलं आणि उरलेल्या बर्फातलं मिळून मीठ फक्त साडेसोळा ग्रॅम भरलं. अकरा ग्रॅम मीठ काय उडून गेलं? डिस्टिल्ड पाण्याची बाटली फ्रिजमध्ये होती. वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, पाच अंशांच्या पाण्यात मोजलं की आकडा चाळीस टक्के कमी येतो आणि माझा मीटर तापमानाची दुरुस्ती करत नाही. नमुने तासभर टेबलावर ठेवून पुन्हा मोजले, बेरीज जुळली. आधीच्या प्रयोगांत बाटली बाहेरच असायची, ते आकडे तसेच ठेवतो. मिठाची बेरीज दर वेळी करायचीच, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं.

२९ जानेवारी

इतर द्रावणं, भराभर.

साखर, २० टक्के: उणे दीड अंशालाच गोठायला लागते, कारण साखरेचा रेणू जड, त्यामुळे वजनाच्या मानाने रेणूंची संख्या कमी आणि गोठणबिंदूची घसरणही कमी. सुरुवात सोपी, शेवट अवघड. पाणी गाढं होत जातं तसं ते पाकासारखं चिकट होतं आणि बर्फाला सोडत नाही. ठिबकायला मिठाच्या तिप्पट वेळ.

व्हिनेगर, ५ टक्के ॲसिटिक आम्लाचं: मिठासारखंच वागलं. पहिल्या थेंबांनी डोळ्यांत पाणी आणलं. शुद्ध ॲसिटिक आम्ल स्वतःच १६.६ अंशांना गोठतं, त्यामुळे नव्वदीच्या पुढच्या टक्केवारीत खेळ उलटा होतो आणि आधी आम्लाचे स्फटिक पडतात, पाणी द्रवात राहतं. ते घरी करून पाहण्याजोगं नाही.

अल्कोहोल: केलं नाही, करणारही नाही. गोठवून फक्त पाणी निघतं. मिथेनॉल असेल तर ते इथेनॉलसोबतच द्रवात राहतं आणि तितकंच गाढं होतं. ऊर्ध्वपातनात जे वेगळं काढता येतं ते इथे काढायची सोयच नाही.

२ फेब्रुवारी

हौस म्हणून पट्ट्या-पट्ट्यांनी वितळवून पाहिलं. विल्यम फॅन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये जर्मेनियमची कांडी अशी शुद्ध केली आणि १९५२ मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. कांडीचा अरुंद पट्टा वितळवायचा आणि तो पट्टा एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकवत न्यायचा. अशुद्धी वितळलेल्या भागात राहते आणि त्याच्याबरोबर टोकाला जाते. पुन्हा पुन्हा केलं की अशुद्धी दहा अब्जांत एकापर्यंत खाली येते. ट्रान्झिस्टरचा धंदा यावर उभा राहिला.

मी काचेच्या नळीत रंगीत पाणी गोठवलं आणि कोमट पाणी फिरणाऱ्या तांब्याच्या कड्याने पट्टा सरकवू लागलो. तीन सेंटिमीटर छान गेला, मागे रंग फिका, पुढे गडद. मग टक्‌ आवाज झाला आणि नळी उभी तडकली. दोन्हीकडे बर्फाची बुचं आणि मधलं पाणी गोठताना नऊ टक्के फुगणार, जाणार कुठे? जर्मेनियमही गोठताना फुगतं, पण फॅन यांच्या कांड्या वरून उघड्या पन्हळीत असत. पन्हळ करीन कधीतरी.

७ फेब्रुवारी

दोन टप्पे जोडले.

पहिला टप्पा: रात्रभर गोठवणं, मग नरसाळ्यात ठिबकवणं. दोन गोळ्यांतून मिळून ८०० ग्रॅम, सुमारे अर्धा टक्का. दुसरा टप्पा: तेच वितळवून थर्मोकोलच्या पेटीत वरून हळू गोठवणं, ५०० ग्रॅम बर्फ धरेपर्यंत. खाली राहिलेल्या ३०० ग्रॅम पाण्यात एक टक्का मीठ. बर्फ काढला, त्यातले १०० ग्रॅम ठिबकू दिले आणि ४०० ग्रॅम उरला.

०.०७५ टक्के. मीटरवर पहिल्यांदाच पाणी न मिसळता थेट वाचता आलं, ७५० पीपीएम. तुकडा जवळजवळ पारदर्शक, खालच्या कडेला पात्यांची पुसट खूण. तोंडात टाकला. काही लागलं नाही, थंडीशिवाय.

दोन किलो समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातून चारशे ग्रॅम. उतारा पाचास एक, कमी आहे. मधलं एक-दोन टक्क्यांचं ठिबकलेलं पाणी परत पहिल्या टप्प्यात घातलं तर वाढेल. तीन खेपा करून पाहतो.

११ फेब्रुवारी

आता दुसरी बाजू, गाढं पाणी. २६ तारखेच्या खेपेतले पहिले ४० ग्रॅम (१९ टक्के) आणि नंतरचे १०० ग्रॅम (१२ टक्के) एकत्र केले होते. १४० ग्रॅम, त्यात १९.६ ग्रॅम मीठ. मूळ ३५ मधलं निम्म्याहून जास्त. ते बाटलीत भरून पुन्हा उणे १८ ला ठेवलं. दोन दिवसांनी वर बर्फाचा पोकळसर थर, ४० ग्रॅमच्या वर, आणि खाली नव्वदेक ग्रॅम पाणी. मोजलं तर २१ टक्के.

थर गाळून काढला आणि उरलेलं पाणी परत ठेवलं. आज सहावा दिवस. एक सुईसुद्धा धरलेली नाही. या फ्रीझरला यापुढे जाता येणार नाही. बाटली हलवली की अजून खुळखुळते.

१२ फेब्रुवारी

काल ‘सहावा दिवस’ लिहिलंय ते चूक. गाळणं ७ तारखेला संध्याकाळी झालं, म्हणजे काल चौथा. बाटली तशीच आहे. नरसाळ्यात आजची दुसरी खेप लावली, ९५५ ग्रॅम.